पातं जमिनीकडं

शेरीघाटात खोटं बोलण्याचा मक्ता माझ्याकडं आहे, हे कृष्णाकाठची सगळी गावं जाणून आहेत. बाकीची माणसं तशी सरळ. पण एका बाबतीत अख्खं गाव एका सुरात खोटं बोलायचं आणि तिथं मी आपला कच्चा लिंबू. ती बाब म्हणजे दुखणं.

माझे चुलत आजोबा एकदा नदी पोहून येत होते. मधल्या डोहात मगरीनं त्यांची पोटरी धरली. आजोबांनी हात काही थांबवले नाहीत. मगरीला ओढत घाटावर आले, पायरीवर टेकले. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काय न्हाई, जरा अंग धरलंय." हे ऐकून मगरीलाच इतकी शरम वाटली की ती पोटरी सोडून निघून गेली.

मगर किती लांब होती यावर माझं आणि गावाचं अजून एकमत नाही. पण आजोबांचं ते वाक्य अस्सल आहे, आणि ही गोष्ट त्या वाक्याची आहे.

आमच्याकडं नारळी पौर्णिमेला होड्यांची शर्यत असते. लांबलचक होडी, दोन्ही बाजूंना वल्हेकरी, आणि मागं सुकाणूचं मोठं वल्हं धरून उभा असलेला एक जण. होडी कुणाच्याही मालकीची असो, राजा तो. या होडीचा एक रिवाज होता. 'दुखतंय' हा शब्द घाटावर काढायचा नाही. कुणी काढलाच, तर त्याचं वल्हं पायरीवर आडवं ठेवायचं, पातं जमिनीकडं करून. पाण्याकडं पातं म्हणजे माणूस परत येणार. जमिनीकडं पातं म्हणजे हा आता जमिनीवरचा झाला. ते वल्हं दुसरा उचलायचा आणि पहिल्याला होडीत पुन्हा जागा नसायची. त्यामुळं खांदा निखळो की बरगडीला चीर जावो, विचारलं की उत्तर एकच: अंग धरलंय.

पारखी गावात आली ती या लोकांत.

तेव्हा टपाल ड्रोननं पडायचं आणि आमची एसटी बिनड्रायव्हरची झाली होती. कंडक्टर मात्र ठेवला होता, कारण भांडायला माणूस लागतो. त्या एसटीतून श्रेयस नावाचा एक इंजिनिअर उतरला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा. त्याच्या पेटीत रुपयाएवढ्या चकत्या होत्या, मऊ, कातडीच्या रंगाच्या. घाटाच्या पायरीवर बसून त्यानं आम्हाला सगळं समजावलं, आणि खरं सांगतो, बरं समजावलं.

"दुखणं दोन तऱ्हेचं असतं," तो म्हणाला. "नवा व्यायाम केला, जास्त केला, की स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक चिरा जातात. शरीर त्या भरून काढतं आणि स्नायू आधीपेक्षा घट्ट होतो. ती दुरुस्ती चालू असताना जे ठणकतं ते सहसा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. दोन्ही हातांत सारखं असतं, पसरट असतं, हालचाल केली की मोकळं होतं, आणि चार-पाच दिवसांत जातं. त्याला घाबरायचं नाही. दुखापतीचं वेगळं. ते बहुतेक वेळा तिथल्या तिथं चमकतं. एका जागी बोट ठेवून दाखवता येतं. सूज येते, आणि पडून राहिलं तरी थांबत नाही. या दोन दुखण्यांच्या लहरी मज्जातंतूंतून वेगवेगळ्या चालीनं जातात. ही चकती, पारखी, ती चाल ऐकते."

"आन ऐकून करती काय?" इरफान मुजावरनं विचारलं. इरफान म्हणजे होडीतला पुढचा वल्हेकरी, छाती कपाटाएवढी.

"थकव्याचं दुखणं असेल तर मनगटावर हिरवा दिवा. आणि उलटी लहर सोडून ते शांत करते. माणूस दुसऱ्या दिवशी ताजातवाना. दुखापत असेल तर लाल दिवा आणि शिट्टी. ते दुखणं ती अजिबात अडवत नाही, कारण ते माणसाला थांबवायलाच आलेलं असतं."

"म्हंजे गवळी दूध न् पाणी येगळं करतो तसं?"

"गवळी कधी वेगळं करतो रे?" मी म्हणालो.

श्रेयस हसला. मग म्हणाला, "एक अडचण आहे. यंत्राला दुखणं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला नुसत्या लहरी दिसतात. कुठल्या लहरीला काय म्हणायचं, हे माणसानं शिकवायचं. म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुमच्याइतकं अंग झिजवणारं दुसरं कुणी मला सापडलं नाही."

झालं. तो अख्खा मोसम आमच्या वल्हेकऱ्यांच्या अंगावर चकत्या चिकटल्या. रोज होडी काठाला लागली की प्रत्येकाचा फोन गोड आवाजात विचारायचा, "आज जाणवलेलं दुखणं थकव्याचं होतं, की दुखापतीचं?"

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. श्रेयसला कळलं नाही. रिवाज त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि आमच्या लेखी तो सांगण्यासारखा नव्हताच. नदी ओली असते हे कुणी पाहुण्याला सांगतं का?

इरफानची बरगडी चिरली होती. थकवा. सन्मती चौगुल्याच्या गुडघ्यात पाणी झालं होतं. थकवा. आणि आमचा सुकाणूवाला रणधीर आंबी, त्याचा उजवा खांदा आतून फाटला होता. त्याच्या आदल्या वर्षी तो पुढच्या वल्ह्यावरून उठून सुकाणूला गेला तेव्हा म्हणाला होता, "तिथं अनुभवी माणूस पाह्यजे." आम्ही माना डोलावल्या होत्या. सुकाणूला तो डावा हात वापरायचा, आम्हाला वाटायचं ऐट आहे. रोज संध्याकाळी ती चकती त्या फाटक्या खांद्याचं रडगाणं ऐकायची, रणधीरला विचारायची, आणि रणधीर अंगठा दाबायचा: थकव्याचं.

यंत्र बिचारं आज्ञाधारक. ते शिकलं की फाटलेला स्नायू असा बोलतो आणि त्याला थकवा म्हणतात.

शिकून पारखी राज्यभर गेली. पोलीस भरतीची पोरं ती लावून पळायला लागली, शाळांनी घेतली, साखर कारखान्यावरच्या हमालांनी घेतली. जाहिरातीत आमचा घाट आणि इरफानची छाती. मग दवाखान्यांनी तिला भिंतीवर बसवली. गरज नसताना चिरफाड करून पैसे उकळणाऱ्यांना चाप बसावा म्हणून सरकारनं नियम केला की हातापायाच्या दुखण्यावर पारखीनं हिरवं दाखवलं, तर ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडणार नाही. नियम चांगल्या हेतूनंच केलेला. सगळ्यांना बरा वाटला. सगळं राज्य शेरीघाटच्या अंगानं दुखून घेत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता केतकी.

केतकी आंबी म्हणजे रणधीरची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, पोरीला रणधीरनंच वाढवलं. लहानपणी ती झाडावरून, भिंतीवरून, एकदा तर माझ्या गोठ्याच्या पत्र्यावरून पडली. प्रत्येक वेळी रणधीर तिचा हात मांडीवर घ्यायचा आणि अंगठ्यानं मनगटापासून कोपरापर्यंत दाबत जायचा. "इथं? इथं? का इथं?" घाटावर जो शब्द चालत नव्हता तो घरात त्या अंगठ्याखाली चालायचा. ती "तितं" म्हणाली की तो थांबायचा, आणि हळद लावायची का दवाखाना गाठायचा ते ठरवायचा. चुकला नाही कधी.

सन्मतीचा चुलता दुबईला गेला आणि होडीतली एक जागा मोकळी झाली. केतकीनं ती मागितली. घाटावर असा हशा पिकला की माशांनी बुडी मारली. मग तिनं सन्मतीशी पैज लावून एकटीनं छोटी होडी ओढून दाखवली, पुलापर्यंत आणि परत, आणि सन्मती खोकत पायरीवर बसला तेव्हा ती केस बांधत उभी होती. वल्हं मिळालं. वर एक वाक्यही मिळालं, इरफानच्या तोंडून, पण मनातून सगळ्यांचं: "बघ बाई. झेपलं न्हाई तर पातं जमिनीकडं. मग पुन्ना कुठल्या पोरीचं नाव काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून खालच्या पायरीवर चार पोरी येऊन बसायला लागल्या. हातात बांबू. होडी पाण्यात जाईल तशा त्या बांबूनं हवा वल्हवायच्या, केतकीकडं बघून.

शर्यत चार दिवसांवर आली असताना, ओढीच्या ऐन जोरात, केतकीच्या उजव्या हातात कोपराच्या खाली काहीतरी कट्‌कन तुटलं. तिनं नंतर सांगितलं, "आबा, आवाज मलाच आला. ओल्या दोरीचा पीळ सुटतो तसा." तिनं मनगटाकडं पाहिलं. हिरवं. आणि हिरवं म्हटल्यावर चकतीनं आपलं काम केलं. कळ जशी आली तशी विरली, जखमेवर पांघरूण घालावं तशी. तिनं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

संध्याकाळी ती रणधीरजवळ येऊन बसली. मी वरच्या पायरीवर माझ्या सुपाऱ्या कातरत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"दादा, हात बघ की जरा."

रणधीरनं हाताकडं पाहिलं नाही. मनगटाकडं पाहिलं. "हिरवं हाय."

"ते मला पन दिसतंय. तू बघ. अंगठा लाव."

"यंत्रापेक्षा माजा अंगठा शाना हाय व्हय? अंग धरलंय तुजं. आज वडलं पन किती!"

"दोन्ही हातानी वडलं. धरलाय एकच." ती थांबली. "एका जागी हाय, दादा. बोट ठिवता येतंय."

रणधीर वळला. पाण्याकडं बघत राहिला. त्याला इंजिनिअरचं बोलणं आठवलं असणार, बोट ठेवून दाखवता येतं ते. पण तिचा हात मांडीवर घेतला असता आणि अंगठ्याला काही लागलं असतं, तर पुढं बोलावं लागलं असतं. हिरवा दिवा फार सोयीचा असतो हो. त्याच्या उजेडात काही बघावं लागत नाही.

"केते," तो हळू म्हणाला, "तुला काय म्हनायचं हाय? तो शब्द म्हनायचा हाय का?"

तिनं खाली पाहिलं. चार पोरी बांबू खांद्यावर टाकून घरी निघाल्या होत्या. त्यांतल्या एकीनं वळून हात केला.

"न्हाई," केतकी म्हणाली. "अंग धरलंय."

पुढचे दोन दिवस ती वल्हवत राहिली. हात फुगला, तर तिनं लांब बाह्यांचा कुडता घातला. चौथ्या दिवशी सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली, तर पाणी कमी प्यालं गेलं असेल असं तिनं ठरवलं. आणि बोटं मिटेनात, तर ओढणीनं हात वल्ह्याला बांधला. हे आम्हाला तेव्हा दिसलं नाही. दिसलं ते इतकंच, की शेवटचा सराव संपून होडी काठाला लागली, सगळे उतरले आणि केतकी बसूनच राहिली.

"उतर की गं," इरफान म्हणाला.

"गाठ सुटंना," ती म्हणाली आणि पाण्यात वाकून ओकली.

रणधीरनं ओढणी कापली. बाही वर केली. तो हात हाताच्या रंगाचा नव्हता. चकचकीत, ताणलेला, लाकडासारखा टणक. मनगटावर हिरवा दिवा शांतपणे तेवत होता.

दुसऱ्या दिवशी शर्यतीसाठी सांगलीला न्यायची म्हणून बाकीच्यांनी उतरल्या उतरल्या वल्ही टेम्पोत टाकलेलीच होती. वल्ह्यांवर पोरीला आडवी घातली, सगळे वल्हेकरी भोवती कोंबले, मीही चढलो, आणि टेम्पो थेट दवाखान्याच्या दारात जाऊन थांबला.

डॉक्टर सातपुते बाई म्हणजे बुटक्या, तोंडानं फटकळ. त्यांनी आधी चकती खरवडून काढली. ते पांघरूण गेल्याबरोबर केतकीच्या कपाळावर घाम असा फुटला की जणू कुणी तांब्या ओतला. तिनं दात आवळले. बाईंनी तिची बोटं धरून जरा सरळ केली. केतकीचे डोळे पांढरे झाले, पण तोंडातून आवाज नाही.

बाई रणधीरला बाजूला घेऊन म्हणाल्या, आणि आम्ही सगळे बाजूलाच होतो, "हाताच्या स्नायूंना एक घट्ट कातडी गवसणी असते. उशीच्या अभ्र्यासारखी. आत स्नायू फाटला, त्यावर हिनं दिवसेंदिवस वल्हं मारलं, आत सूज चढली. अभ्रा तेवढाच, उशी दुप्पट. रक्त आत शिरत नाहीय. तो अभ्रा आत्ता कापून मोकळा केला तर हात वाचेल. तास-दोन तासांचा खेळ आहे. आणि मेलेल्या स्नायूची घाण मूत्रपिंडात अडकायला लागलीय, लघवी बघितली मी. हातावर थांबणारं नाही हे."

"मग कापा की!" रणधीर ओरडला.

बाईंनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर पारखी. केतकीच्या हाताला जोडलेली. हिरवी.

"स्नायूंचा थकवा," भिंत गोड आवाजात म्हणाली. "विश्रांती आणि शेक सुचवला आहे."

"दार उघडत नाही," बाई म्हणाल्या. "भूल, दिवे, हत्यारं, सगळं त्या दाराच्या आत आणि दार हिच्या ताब्यात. एकच वाट आहे. शुद्धीवर असलेल्या पेशंटनं स्वतःच्या तोंडानं तक्रार सांगायची. नातेवाइकाची चालत नाही, माझीही चालत नाही." मग त्या केतकीवर वाकल्या. त्यांचा फटकळपणा कुठं गेला कोण जाणे. "बाळ, एक शब्द बोल. दुखतंय का?"

केतकीनं आमच्याकडं पाहिलं. अख्खी होडी पायथ्याशी उभी होती.

"अंग धरलंय," ती म्हणाली.

"स्नायूंचा थकवा," भिंत म्हणाली.

रणधीर तिच्या पायाशी बसला. "केते, म्हन. एकदा म्हन. कुनी ऐकत न्हाई." मग म्हणाला, "माजी शपथ हाय." मग रागावला, शिव्या दिल्या, मग रडला. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

"मी म्हनलं की माजं वल्हं जमिनीवर," ती कुजबुजली. "ते जाऊ दे. त्या चौघी बसल्यात, दादा. बांबू घिऊन. त्येंचा पन बांबू जाईल."

"मेल्या हातानं वल्हं मारशील व्हय गं?"

"आता जरा बरं वाटतंय," ती म्हणाली. "मघापेक्षा कमी झालंय."

हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं, आणि बाईंचा चेहरा उतरला. "कमी व्हायला नको," त्या म्हणाल्या. "दुखतंय तोवर आत काहीतरी जिवंत आहे. दुखायचं थांबलं की संपलं."

रणधीर उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, पळाला. पळणाऱ्या माणसांबद्दल मला कणव आहे, म्हणून मी मागं गेलो. तर तो टेम्पोवर चढून सुकाणूचं वल्हं ओढत होता, डाव्या हातानं. दोन माणसांच्या लांबीचं ते वल्हं. दारातला रखवालदार आडवा आला.

"ओ, हे काय आत?"

"पेशंटचं सामान," मी म्हणालो आणि दार धरून उभा राहिलो.

वळणावर वल्ह्याच्या टोकानं सूचनांची पाटी पाडली, एक पंखा थांबवला आणि एका नातेवाइकाची टोपी उडवली. रणधीर केतकीच्या पलंगापाशी पोचला. वल्हं आडवं ठेवायला वाकला आणि क्षणभर गोंधळला. दवाखान्यात सगळीकडं जमीनच, पातं करायचं कुणीकडं? मग नदी कुठल्या अंगाला आहे ते त्यानं मनात धरलं, दांडा तिकडं केला, पातं उलट दिशेला, आणि वल्हं ठेवलं.

"केते, बघ हिकडं," तो म्हणाला. "मला दुखतंय."

मी माझ्या उभ्या आयुष्यात आमच्या माणसाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकत होतो.

"ह्यो खांदा फाटलाय माजा. तीन वर्सं झाली. अनुभव बिनुभव काय न्हाई, वल्हं उचलंना म्हनून सुकाणूला गेलो. कूस बदलताना रडतो मी. त्या मशीननं रोज इचारलं आन मी रोज थकवा सांगितलं. माज्या खांद्यावर शिकलंय ते. तुजा हात फाटला तवा त्येला माजा खांदा आठवला, आन त्यानं हिरवं दावलं. समजलं का? तुज्या मनगटावर मीच बसलो हुतो." त्याचा आवाज फाटला. "तू मला अंगठा लाव म्हनलीस. मी दिवा बघितला."

इरफान बाहेर गेला. परत आला तो आपलं वल्हं घेऊन. रणधीरच्या वल्ह्याशेजारी ठेवलं, पातं जमिनीकडं. "बरगडी," तो म्हणाला. "शिंकताना मरतो मी. दुखतंय."

"गुडघा," सन्मती म्हणाला. त्याचंही वल्हं आलं.

मग एकेक जण जायला लागला आणि यायला लागला. कंबर. मनगट. मान. एकाला तर कुठं दुखतंय ते आठवेना, इतक्या जागा होत्या. वॉर्डात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोपऱ्यातल्या पलंगावरचा एक म्हातारा उठून बसला आणि घाबरून विचारू लागला, "पूर येनार हाय काय?" कुणी हसलं नाही. मोठाली बाप्ये माणसं उभी राहून रडत होती, पण ते आम्ही नंतर एकमेकांना आठवू दिलं नाही.

रणधीरनं केतकीचा चांगला हात धरला.

"आता सांग. तुजं वल्हं ठिवलं तर उचलनार कोन? हाय का कुनी उभा? समदी जमिनीवर आल्यात."

केतकीनं मान वळवली. खाली पाहिलं. सगळी पाती एका दिशेला. तिची नजर एका एका वल्ह्यावरून गेली आणि रणधीरच्या तोंडावर येऊन थांबली. त्यानं तिचा फुगलेला हात उचलून मांडीवर घेतला होता. अंगठा कोपराच्या खाली टेकवला. दाबला नाही. नुसता टेकवला.

"इथं?" त्यानं विचारलं.

"तितं," ती म्हणाली. आणि मग तिच्यातून जो आवाज निघाला तो पुलाखालून पाणी फुटावं तसा. "दुखतंय दादा! लई दुखतंय रे! काप म्हन त्येंला! दुखतंय!"

"तक्रार नोंदवली आहे," भिंत म्हणाली, आणि दार उघडलं.

बाई पलंग ढकलत धावल्या. वल्ह्यांवरून चाकं धडधडली. रणधीर दारापर्यंत गेला आणि दार त्याच्या नाकावर मिटलं. तो तिथंच फरशीवर बसला, वल्ह्यांच्या गर्दीत, हात मांडीवर उघडा ठेवून. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. इतका वेळ त्या आवाजाला घाबरलेली माणसं आता तोच आवाज पुन्हा यावा म्हणून कान लावून उभी होती.

हात वाचला. उघडा ठेवलेला हात हळूहळू शिवत आणला. मूत्रपिंडांना यंत्रावर घालून धुवावं लागलं, त्यात एकदा ती जवळपास आमच्या हातून गेली होती. परत आली. दोन बोटं मात्र पुन्हा पुरती मिटली नाहीत. वल्ह्याला पक्की मूठ लागते, आणि ती तिच्याकडं आता नाही. हे मी गोड करून सांगू शकलो असतो. माझा हातखंडा आहे. पण तिच्यासमोर बसून सांगायची हिंमत होत नाही.

त्या पौर्णिमेला शेरीघाटची होडी पाण्यात गेली नाही. श्रेयसला बोलावलं. तो या वेळी पेटी न उघडता पायरीवर बसला आणि आमचे वल्हेकरी त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगत गेले. हे थकव्याचं. हे नव्हे. हेही नव्हे. पोरगा ऐकताना पांढराफटक पडत गेला. दुरुस्ती राज्यभर गेली त्या सकाळी भरतीच्या मैदानांवर, शाळांत, कारखान्यांत इतक्या शिट्ट्या एकदम वाजल्या, की बिनड्रायव्हरच्या एसट्यांना वाटलं पोलिसानं अडवलं, आणि त्या जिथं होत्या तिथं उभ्या राहिल्या. कंडक्टर खाली उतरले. कितीतरी पोरं रस्त्याकडेला गुडघे धरून बसलेली त्यांना दिसली. एसट्यांचं मी थोडं वाढवलं असेल. पोरांचं नाही.

केतकी आता त्या चौघींना शिकवते. चार आता चौदा झाल्या. दवाखान्यानं खरी शिकवलेली पारखी पुन्हा देऊ केली होती. पोरी ती लावतात, नाही असं नाही. पण होडी ढकलण्याआधी केतकी प्रत्येकीचा हात घेते आणि अंगठा दाबत जाते, मनगटापासून कोपरापर्यंत. इथं? इथं? जिचं दुखतं तिचं वल्हं पायरीवर राहतं, पातं पाण्याकडं.

परवा ती माझ्या शेजारी येऊन टेकली. मी उठताना पायरीला हात लावला होता, तो तिनं पाहिला असावा. तिनं अंगठा माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आबा, इथं?"

मी मगरीची गोष्ट काढली. चांगली रंगवली, या वेळी मगरीबरोबर तिची पिल्लंही आणली. केतकीनं सगळी ऐकून घेतली. अंगठा मात्र होता तिथंच होता.

"तितंच गं," मी म्हणालो. "दुखतंय."